श्वानपट

श्वानपट : ज्या चित्रपटाच्या कथानकात कुत्रा हे मुख्य किंवा कथेला वळण देणारे पात्र असते, असा चित्रपट. सर्कशीतील खेळात प्राण्याचे कौशल्य हेच पाहण्याचे असते. श्वानपटात मात्र कुत्र्याला स्वभाव, हेतू व भावना आहेत असे धरून त्याची कथा सांगितली जाते. प्रत्यक्षात आपण एखादी भूमिका करीत आहोत, याची जाणीव कुत्र्याला नसते. पडद्यावर दिसणारे त्याचे दुःख, निष्ठा किंवा पश्चात्ताप ही प्रशिक्षकाचे इशारे, संकलकाची कात्री आणि प्रेक्षकाचे मन या तिहींनी मिळून केलेली घडण असते. माणूस कुत्र्याकडून कशाची अपेक्षा करतो, हे श्वानपटांवरून जितके स्पष्ट होते, तितके कुत्र्याचे मन त्यांतून क्वचितच उलगडते. या प्रकारातील सामान्य चित्रपट आणि श्रेष्ठ चित्रपट यांतील भेदही बहुधा याच ठिकाणी आढळतो.

कुत्र्याचा पडद्यावरील प्रवेश चित्रपटाइतकाच जुना आहे. ल्यूम्येअर बंधूंच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांच्या १८९५ मधील चित्रणात एक कुत्रा माणसांच्या पायांतून इकडेतिकडे फिरताना दिसतो. त्याला कोणी बोलाविलेले नव्हते. कथेतील पात्र म्हणून कुत्र्याचा प्रभावी उपयोग प्रथम इंग्लंडमध्ये झाला. सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा रेस्क्यूड बाय रोव्हर (म. शी. रोव्हरने केलेली सुटका) हा सु. सहा मिनिटांचा मूकपट १९०५ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन ल्यूइन फिट्सहॅमन यांचे होते. हेपवर्थ, त्यांची पत्नी व तान्ही मुलगी यांनी त्यात कामे केली होती आणि रोव्हरची भूमिका त्यांच्याच घरच्या ब्लेअर नावाच्या कोली जातीच्या कुत्र्याने केली होती. दाईचे लक्ष नसताना एक भिकारीण बालगाडीतील मूल पळविते. कुत्रा रस्त्याने धावत, नदी पोहून, गरीब वस्तीतील दारे धुंडाळीत मुलापर्यंत पोहोचतो आणि परत येऊन मालकाला तेथे घेऊन जातो, एवढीच कथा. परंतु कुत्रा जाताना, परतताना व पुन्हा मालकासह जाताना तीच स्थळे त्याच क्रमाने दाखविली असल्याने प्रेक्षकाला वाट ओळखीची होते आणि उत्कंठा वाढत जाते. या चित्रपटाला इतकी मागणी आली, की मूळ प्रत झिजल्यामुळे तो संपूर्ण चित्रपट आणखी दोन वेळा नव्याने चित्रित करावा लागला. अखंड हालचालीचे संकलन ज्या चित्रपटांतून विकसित झाले, त्यांत इतिहासकार त्याची गणना करतात. धावणारा कुत्रा नसता, तर ही संकलनपद्धती इतक्या सहजपणे सुचली असती की नाही, याची शंका वाटते. कारण धावत्या कुत्र्याला संवाद लागत नाही आणि तो कोठे चालला आहे, हे समजावूनही सांगावे लागत नाही.

संकलनाच्या या सामर्थ्याचा दुसरा पैलू रशियन दिग्दर्शक ल्येव्ह कुल्येशॉव्ह यांच्या प्रसिद्ध प्रयोगातून पुढे आला. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य त्यांनी निरनिराळ्या दृश्यांना जोडले. वाढलेल्या आमटीनंतर तो चेहरा भुकेला, शवपेटिकेनंतर तोच चेहरा शोकाकुल असल्याचे प्रेक्षकांना वाटले. माणसाच्या बाबतीत हा प्रयोग ठरला. कुत्र्याच्या बाबतीत ती रोजची कार्यपद्धती आहे. चित्रीकरणाच्या वेळी कुत्र्याची नजर बहुधा कॅमेऱ्याशेजारी खाऊ घेऊन उभ्या असलेल्या प्रशिक्षकाकडे लागलेली असते. त्या दृश्यानंतर रडणाऱ्या मुलाचे समीपदृश्य जोडले, की ती नजर करुणेची ठरते. रिकाम्या खुर्चीचे दृश्य जोडले, की तीच विरहाची ठरते. मान एका बाजूस कलती व्हावी म्हणून चमत्कारिक आवाज काढणे, गाल चाटावा म्हणून नटाच्या चेहऱ्याला खाण्याचा पदार्थ लावणे, ठरावीक जागी थांबण्याची सवय लावणे, ही या व्यवसायातील नित्याची साधने होत. मूकपटांच्या काळात प्रशिक्षकाला चित्रीकरण चालू असताना मोठ्याने आज्ञा देता येत असत. बोलपट आल्यावर ते अशक्य झाले आणि हाताच्या निःशब्द इशाऱ्यांची पद्धत रूढ झाली. जर्मनीहून अमेरिकेत आलेले कार्ल स्पिट्स हे या पद्धतीतील एक निष्णात प्रशिक्षक होते. द विझर्ड ऑफ ऑझ (१९३९) मध्ये टोटोची भूमिका करणारी टेरी ही केर्न टेरिअर जातीची कुत्री त्यांनीच तयार केली होती.

अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर कुत्र्यांना नटांप्रमाणे कीर्ती लाभू लागली. लॉरेन्स ट्रिंबल यांनी तयार केलेला स्ट्राँगहार्ट हा जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा द सायलेंट कॉल (१९२१) या चित्रपटामुळे गाजला. त्यालाही मागे टाकणारा रिन टिन टिन हा कुत्रा युद्धभूमीवर सापडला होता. ली डंकन या अमेरिकन सैनिकाला १९१८ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधील लोरेन प्रांतात फ्लिरे या गावाजवळ उद्ध्वस्त झालेल्या एका श्वानगृहात कुत्री व तिची पिले आढळली. त्यांपैकी दोन पिले त्याने स्वतःजवळ ठेवली. त्यांतील नर पिलू म्हणजे रिन टिन टिन. व्हेअर द नॉर्थ बिगिन्स (१९२३), क्लॅश ऑफ द वुल्व्ह्‌ज (१९२५) इ. चित्रपटांनी वॉर्नर ब्रदर्स या तेव्हा लहान असलेल्या चित्रपटसंस्थेला आर्थिक स्थैर्य मिळवून दिले. १९३२ मध्ये तो मरण पावला. युद्धात ज्या जातीचे कुत्रे शत्रूच्या सैन्याबरोबर होते, त्याच जातीचा एक कुत्रा दहा वर्षांच्या आत अमेरिकन मुलांचा लाडका नायक व्हावा, हे चित्रपटमाध्यमाच्या प्रभावाचे बोलके उदाहरण आहे.

या वीर कुत्र्यांच्या अगदी उलट प्रकृतीचा कुत्रा चार्ली चॅप्लिन यांनी अ डॉग्ज लाइफ (१९१८) मध्ये रंगविला. तेथे कुत्रा कोणाचेही प्राण वाचविण्यासाठी निघालेला नाही. तोही भटक्या नायकाप्रमाणेच भुकेला आहे. नोकरीच्या कचेरीत खिडकीपाशी रेटारेटी करणारी माणसे आणि रस्त्यात अन्नाच्या तुकड्यासाठी भांडणारी कुत्री ही दोन दृश्ये चॅप्लिन यांनी जवळजवळ ठेवली आहेत. विनोदी चित्रपटात इतके कठोर विधान विरळाच आढळते.

निष्ठावंत कुत्र्याची प्रतिमा पक्की केली, ती लॅसी कम होम (१९४३) या चित्रपटाने. एरिक नाइट यांच्या १९४० मधील कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन फ्रेड विल्कॉक्स यांनी केले. यॉर्कशरमधील एक गरीब कुटुंब नाइलाजाने आपली कोली जातीची कुत्री एका उमरावाला विकते. स्कॉटलंडमध्ये नेलेली ही कुत्री तेथून निसटते आणि शेकडो मैल चालून, जखमी होऊन, मुलाच्या शाळा सुटण्याच्या वेळी पूर्वीच्याच जागी येऊन उभी राहते. दारिद्र्यामुळे माणसाने केलेला सौदा कुत्री मानीत नाही, हा या कथेचा खरा गाभा होय. नंतरच्या अनेक अनुकरणांत केवळ साहस उरले आणि हा गाभा निसटला. लॅसीची भूमिका पॅल या नर कुत्र्याने केली होती. कोली जातीत मादीचे केस ऋतुमानानुसार फार गळतात, नर अंगाने मोठा असतो व त्याची झूल अधिक भरदार दिसते, म्हणून पुढेही ही ‘कुत्री’ नरांनीच रंगविली. पॅलचा प्रशिक्षक रड वेदरवॅक्स हा होता. १९५४ पासून १९७३ पर्यंत दूरचित्रवाणीवर चाललेल्या लॅसी मालिकेत पॅलच्या वंशातील कुत्र्यांनी कामे केली.

अशा लोकप्रियतेची किंमत पडद्याबाहेरच्या कुत्र्यांना मोजावी लागली. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीवर आधारलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार लॅसी कम होम नंतरच्या दोन वर्षांत कोली कुत्र्यांची नोंदणी सु. ४० टक्क्यांनी वाढली आणि चित्रपटांचा असा परिणाम दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो. वॉल्ट डिझ्नी यांच्या वन हंड्रेड अँड वन डाल्मेशिअन्स (१९६१) या चलचित्रपटाचे १९८५ मध्ये पुनःप्रदर्शन झाले, तेव्हा अमेरिकेत डाल्मेशियन कुत्र्यांची वार्षिक नोंदणी सु. ८ हजार होती. १९९३ मध्ये ती ४२ हजारांवर गेली. रेखाटलेला डाल्मेशियन गोंडस व आज्ञाधारक असतो. प्रत्यक्षातील डाल्मेशियन हा घोडागाडीबरोबर मैलोगणती धावण्यासाठी जोपासलेला प्राणी आहे. लहान घरात तो सुखी राहत नाही आणि मालकालाही राहू देत नाही.

डिझ्नी यांच्याच संस्थेचा ओल्ड येलर (१९५७, दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सन) हा सजीव चित्रपट मात्र या गोंडसपणाला अपवाद आहे. पिसाळलेल्या लांडग्यापासून कुटुंबाला वाचविताना कुत्र्याला पिसाळ रोगाची (अलर्काची) बाधा होते आणि त्याच्यावर जीव लावणाऱ्या मुलालाच अखेर त्याला गोळी घालावी लागते. बालप्रेक्षकांसाठी काढलेल्या चित्रपटात मृत्यूचा निर्णय मुलाच्याच हाती सोपविण्याचे धैर्य त्या काळी विशेष मानावे लागेल.

श्वानपटांत सर्वश्रेष्ठ कोणता, या प्रश्नाला एकमताचे उत्तर संभवत नाही. तथापि व्हित्तोरिओ दे सीका यांच्या उंबेर्तो दी (१९५२) या इटालियन चित्रपटाला अग्रस्थान देणाऱ्या समीक्षकांची बाजू भक्कम आहे. चेझारे झाव्हात्तीनी यांच्या पटकथेवर आधारलेला हा चित्रपट नववास्तववादी परंपरेतील आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला उंबेर्तो तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर रोममध्ये एका भाड्याच्या खोलीत राहतो. भाडे थकल्याने घरमालकीण त्याला बाहेर काढण्याच्या तयारीत आहे. फ्लिके नावाचा लहानसा कुत्रा एवढेच त्याचे आप्त. उंबेर्तोची भूमिका कार्लो बात्तिस्ती या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने केली. ते व्यावसायिक नट नव्हते. या दृष्टीने दोन्ही प्रमुख पात्रे अभिनयाच्या रूढ संकेतांपासून सारखीच मुक्त होती.

या चित्रपटात कुत्रा कोणताही पराक्रम करीत नाही. उंबेर्तो रुग्णालयात असताना तो उघड्या दारातून बाहेर जातो व हरवतो. पालिकेच्या कोंडवाड्यात त्याचा शोध घेताना पकडलेल्या कुत्र्यांना मारण्यासाठी नेले जात असल्याचे उंबेर्तोला दिसते. शेजारी शुल्क भरण्यास असमर्थ असलेला दुसरा एक माणूस घुटमळत उभा असतो. दुसऱ्या एका प्रसंगी भीक मागावी असे उंबेर्तोच्या मनात येते, पण हात पुढे होत नाही. तो आपली टोपी फ्लिकेच्या तोंडात देतो, त्याला मागच्या पायांवर उभा करतो आणि स्वतः खांबाआड लपतो. तेवढ्यात ओळखीचा एक वरिष्ठ तेथे येतो आणि कुत्रा सहज खेळत होता असे भासवून उंबेर्तोला वेळ निभावून न्यावी लागते. मध्यमवर्गीय माणसाची लाज इतक्या थोडक्यात क्वचितच चित्रित झाली असेल.

अखेरीस फ्लिकेला चांगले घर मिळवून देण्याचे सर्व प्रयत्न फसल्यावर उंबेर्तो त्याला छातीशी धरून येणाऱ्या आगगाडीसमोर उभा राहतो. घाबरलेला कुत्रा धडपडून त्याच्या हातांतून सुटतो आणि पळून जातो. त्याच्यामागे गेल्यामुळे म्हातारा वाचतो. रूढ श्वानपट येथे कुत्र्याला प्राणरक्षक ठरवून संपला असता. दे सीका यांचा चित्रपट येथून पुढे जातो. हाक मारूनही फ्लिके जवळ येत नाही. झाडाआडून तो धन्याकडे संशयाने पाहत राहतो. त्याचा विश्वास उडालेला आहे, आणि तसे होणे रास्तच आहे. उंबेर्तो पाइनचे एक बोंड उचलून त्याला खेळण्यासाठी बोलावतो; पुष्कळ आर्जवांनंतर कुत्रा येतो आणि ते दोघे खेळत खेळत बागेच्या वाटेने दूर जातात. घर, पैसा, उद्याचा दिवस यांपैकी कशाचाही प्रश्न सुटलेला नसतो. येथे निष्ठेची कसोटी कुत्र्याची नसून माणसाची आहे. इटलीत हा चित्रपट आर्थिक दृष्ट्या अपयशी ठरला. देशाचे दैन्य जगापुढे मांडल्याबद्दल ज्यूल्यो आन्द्रेओत्ती या तत्कालीन उपमंत्र्यांनी खुले पत्र लिहून दे सीका यांच्यावर टीका केली होती.

जपानमधील दोन विख्यात श्वानपट सत्यघटनांवर आधारलेले आहेत. टोकिओ विद्यापीठातील शेतकीचे प्राध्यापक उएनो हिदेसाबुरो यांचा आकिता जातीचा हाचिको हा कुत्रा, १९२५ च्या मे महिन्यात ते अकस्मात निवर्तल्यानंतर, सु. दहा वर्षे शिबुया स्थानकाजवळ येत राहिला व मार्च १९३५ मध्ये मरण पावला. वृत्तपत्रांनी त्याला प्रसिद्धी दिली. तो हयात असतानाच १९३४ मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला आणि शाळांच्या नीतिपाठांत त्याची गोष्ट आली. कृतज्ञ व आज्ञाधारक प्रजा घडविण्याच्या त्या काळातील धोरणाला ती सोयीची होती. पुढे युद्धकाळात तोच पुतळा धातूसाठी वितळविला गेला. हल्लीचा पुतळा १९४८ मधील आहे. कोयामा सेइजिरो यांचा हाचिको मोनोगातारी (१९८७) हा चित्रपट जपानमध्ये अतिशय लोकप्रिय झाला. शिंदो कानेतो यांच्या पटकथेत धन्याच्या मृत्यूनंतर कुत्र्याची झालेली परवड भिडस्तपणा न ठेवता दाखविली आहे. हाचि : अ डॉग्ज टेल (२००९) या अमेरिकन रूपांतरात तिची धार बोथट झाली. हाचिकोच्या शवविच्छेदनात त्याच्या जठरात भाजलेले मांस ओवण्याच्या काड्या सापडल्या होत्या. स्थानकाजवळ त्याला खाऊ घालणारे लोक होते, एवढाच याचा अर्थ; त्यामुळे त्याचे येणे खोटे ठरत नाही, पण निव्वळ निष्ठेची मूर्ती म्हणूनही तो उरत नाही.

कुराहारा कोरेयोशी यांच्या नानक्योकु मोनोगातारी (१९८३, म. शी. दक्षिण ध्रुवाची कथा) या चित्रपटाची घटना अधिक कठोर आहे. १९५८ मध्ये अंटार्क्टिकावरील शोवा तळावरील जपानी तुकडीला खराब हवामानामुळे परतावे लागले व नवी तुकडी पोहोचू शकली नाही. साखळीला बांधलेले १५ कुत्रे मागे राहिले. जानेवारी १९५९ मध्ये तेथे गेलेल्यांना तारो व जिरो हे दोन कुत्रे जिवंत आढळले. सात जागीच मेले होते, सहांचा पत्ता लागला नाही. त्या अकरा महिन्यांचा कोणी साक्षीदार नाही. म्हणून पडद्यावरील कुत्र्यांचा जीवनक्रम हा सर्वस्वी कल्पनेचा भाग आहे. चित्रपटाचे बळ त्यात नाही, तर कुत्र्यांना बांधून निघून आल्याच्या अपराधभावनेने घरोघर क्षमा मागत हिंडणाऱ्या माणसाच्या चित्रणात आहे.

भारतीय परंपरेत या विषयाचे मूळ महाभारताच्या महाप्रस्थानिकपर्वात सापडते. सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिर नकार देतो. येथेही परीक्षा माणसाची आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हिंदी चित्रपटाने मात्र दीर्घकाळ स्वामिनिष्ठ सूडाचाच मार्ग धरला. तेरी मेहेरबानियाँ (१९८५) मध्ये मोती हा कुत्रा धन्याच्या मारेकऱ्यांचा एकेक करून बदला घेतो. भडक असूनही हा चित्रपट एका पिढीच्या स्मरणात राहिला. मुंबईतील एका वसाहतीत घडणारा चिल्लर पार्टी (२०११) हा बालपट अधिक ताजा आहे. गाड्या पुसणाऱ्या मुलाच्या भिडू या भटक्या कुत्र्यासाठी वसाहतीतील मुले थेट मंत्र्याशी झुंजतात. पाळीव व भटका हा भेद भारतात वर्गभेदाशी कसा जोडलेला आहे, हे त्यात उपदेशाविना येते. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. ७७७ चार्ली (२०२२) या कन्नड चित्रपटात अंतःप्रजननामुळे रोगग्रस्त झालेल्या लॅब्रॅडॉर कुत्रीला बर्फ दाखविण्यासाठी नायक म्हैसूरहून काश्मीरपर्यंत घेऊन जातो. नायकाचे नाव धर्म असे आहे. महाभारताचा संदर्भ उघड आहे.

चित्रीकरणातील प्राण्यांच्या संरक्षणाचा प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आला, तो जेसी जेम्स (१९३९) या चित्रपटासाठी एका घोड्याला कड्यावरून पाण्यात ढकलून मारल्यामुळे. त्यानंतर १९४० पासून अमेरिकन ह्युमेन या संस्थेचे निरीक्षक चित्रणस्थळी उपस्थित राहू लागले. भारतात १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली २००१ मध्ये करण्यात आलेल्या नियमांनुसार, कामे करणाऱ्या प्राण्यांची भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक असते. हंगेरीचे दिग्दर्शक कोर्नेल मुंद्रुत्सो यांनी व्हाइट गॉड (२०१४) या नावाने जगभर दाखविल्या गेलेल्या चित्रपटात सु. २५० कुत्रे वापरले. ते बेवारस कुत्र्यांच्या आश्रयस्थानांतून आणलेले होते व चित्रीकरणानंतर त्यांना घरे मिळवून देण्यात आली. संकरित कुत्र्यांवर कर बसविणाऱ्या नगरावर ती कुत्री उलटतात, अशी त्याची कथा आहे.

द कॉल ऑफ द वाइल्ड (२०२०) मधील बक हा कुत्रा पूर्णपणे संगणकनिर्मित आहे. चित्रीकरणाच्या वेळी त्याच्या जागी एक नट वावरत होता. या पद्धतीत प्राण्याला इजा होण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु असा कुत्रा माणसाप्रमाणे भुवया उंचावतो आणि सुस्कारे सोडतो. प्रेक्षकाने स्वतः कल्पावे असे त्याच्या चेहऱ्यात काहीच शिल्लक राहत नाही. याच्या विरुद्ध टोकाला झ्यूस्तीन त्रिए यांचा अ‍ॅनॉटॉमी ऑफ अ फॉल (२०२३) हा फ्रेंच चित्रपट आहे. त्यातील स्नूपची भूमिका मेसी या बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्याने केली. कान चित्रपट महोत्सवात २००१ पासून उत्तम श्वानभूमिकेसाठी दिला जाणारा ‘पाम डॉग’ हा मिस्किल पुरस्कार त्याला मिळाला. पतीच्या मृत्यूबद्दल खटल्याला सामोरी जाणारी लेखिका दोषी आहे की निर्दोष, हे या चित्रपटात अखेरपर्यंत निश्चित होत नाही. निकालानंतर रात्री ती घरी येऊन पडते. कुत्रा येतो आणि तिच्याजवळ आडवा होतो. त्याला काय ठाऊक आहे, हे चित्रपट सांगत नाही.